चार्टवर ‘शांत झोप लागली आहे’ असं लिहिण्याआधी

एका तरुण नर्सचं पत्र असं आहे:

‘ताई, जीएनएम होऊन मला दीड वर्ष झालं. गोव्यात डिचोलीजवळ एका लहान खाजगी इस्पितळात नोकरी करते. चौदा खाटा, रात्री मी एकटी आणि एक मावशी. डॉक्टर घरी असतात, फोन केला की येतात. गेल्या महिन्यात ७८ वर्षांच्या एक आजी होत्या. खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. दाखल झाल्या तेव्हा बीपी १५८/९०, ऑक्सिजन ९७, बीपीसाठी एटेनोलॉलची गोळी चालू. रोज रात्री त्या मला बसवून घ्यायच्या, गावच्या जत्रेचं सांगायच्या, चहा मागायच्या. त्या रात्री काहीच बोलल्या नाहीत. पेजही नको म्हणाल्या. मला वाटलं दुखणं कमी झालं, झोप लागली. दहा वाजता बीपी ११०/६६, नाडी ८८, ताप ९८, ऑक्सिजन ९३. सगळे आकडे बरे होते, ताई. चार्टवर मी ‘शांत झोप लागली आहे’ असं लिहिलं. पहाटे पाचला गेले तर आजी हाकेला ओ देईनात, बीपी ८४. ॲम्ब्युलन्स मागवून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं. न्यूमोनिया होऊन विष रक्तात भिनलं होतं, असं कळलं. अकरा दिवसांनी त्या घरी आल्या. पण आमचे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, “तुला पेशंट कळतच नाही.” इन्चार्ज सिस्टर सांगतात, रात्री दोनची एक नोंद चार्टमध्ये घालून टाक. पुस्तक मला पाठ आहे. मग पेशंटपुढे उभी राहिले की का सुचत नाही? एका खाटेवर मूल, दुसरीवर बाळंतीण, तिसरीवर म्हातारं, चौथीवर दारू पिणारा. एवढं सगळं एका डोक्यात कसं ठेवायचं? की मी हे कामच सोडू? आणि आजींना भेटायला जावंसं वाटतं, जाऊ का?’

बाय, तुझ्या पत्रात दोन वाक्यं जवळजवळ आली आहेत. ‘त्या रात्री काहीच बोलल्या नाहीत’ आणि ‘सगळे आकडे बरे होते’. यातलं पहिलं खरं होतं, दुसरं नव्हतं. तू विश्वास ठेवलास तो दुसऱ्यावर.

म्हणून डॉक्टरांचं बोलणं मला पटत नाही. तुला पेशंट कळला होता. रोज बोलणारी बाई आज गप्प आहे, हे त्या रात्री त्या इमारतीत फक्त तुलाच ठाऊक होतं, कारण तिच्या जत्रेच्या गोष्टी तू बसून ऐकल्या होत्यास. दिवसाचे डॉक्टर दोन मिनिटं येऊन गेले असतील, त्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं. तुझ्याकडून राहिलं ते पुढचं पाऊल. जे दिसलं त्याला तू बातमी मानलं नाहीस, आराम मानलंस.

आता ते ‘बरे’ आकडे एकेक करून बघू. बीपी ११०/६६ तुझं असतं तर मी म्हटलं असतं, छान. पण आजी आल्या तेव्हा १५८ होतं. वरचा आकडा ४८ ने खाली आला आहे. एरवी जिचं बीपी दीडशेच्या वर असतं तिच्या किडनीला आणि मेंदूला ११० पुरत नाही. नेहमीच्या आकड्यापेक्षा ४० ने पडलेलं बीपी हे कमीच बीपी, मग चार्टवर ते कितीही देखणं दिसो. नाडी ८८. एटेनोलॉल हृदयाला वेगाने धावू देत नाही. ही गोळी घेणाऱ्या माणसाची नाडी आतून कितीही ताण असला तरी शंभरापलीकडे जाईलच असं नाही, म्हणून त्यांच्या ८८ ला तुझ्या-माझ्या ८८ सारखं वाचायचं नाही. ताप ९८. म्हाताऱ्या शरीराला पुष्कळदा तापच येत नाही. न्यूमोनिया असो की लघवीचं इन्फेक्शन, थर्मामीटर गप्प राहतो आणि माणूस बदलतो. ऑक्सिजन ९३, दाखल होताना ९७ होता.

आणि श्वास? पत्रात श्वासाचा आकडाच नाही. चार्टवर तो असणार, आणि काय असणार ते मी न बघता सांगते. १८ नाही तर २०. तू मोजला नाहीस. मीही कित्येक वर्षं मोजला नव्हता. आपल्याकडे नव्या मुलीला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी ‘श्वास १८ लिही’ असं शिकवून ठेवतं. यंत्र बीपी देतं, नाडी देतं, ऑक्सिजन देतं, पण श्वासासाठी नर्सला पूर्ण एक मिनिट घड्याळ हातात धरून छातीकडे बघत उभं राहावं लागतं. ते मिनिट रात्री कुणाकडे नसतं, आणि बिघडायला लागलेल्या माणसाचा सगळ्यात आधी बदलणारा आकडा बहुतेक वेळा तोच असतो.

ब्रिटनमध्ये २०१२ पासून एक गुणतक्ता वापरतात, न्यूज म्हणतात त्याला, २०१७ मध्ये त्यात सुधारणा झाली. प्रत्येक आकड्याला गुण, जितका बिघाड तितके गुण जास्त. त्या तक्त्यात तुझ्या आजी बसवून बघितल्या. बीपी ११० चा एक, ऑक्सिजन ९३ चे दोन. नाडीला आणि तापाला शून्य. तीन झाले. श्वास मोजला असता आणि २४ निघाला असता तर आणखी दोन, म्हणजे पाच. पाचला तिथे डॉक्टरला तातडीने बोलावतातच. आणि जाग करून विचारल्यावर आजी नव्यानेच गोंधळलेल्या निघाल्या असत्या तर त्या एकाच गोष्टीचे तीन गुण. तुमच्या इस्पितळात हा तक्ता नसेल तर एक कागद छापून औषधांच्या ट्रॉलीला लाव, त्यासाठी कुणाची परवानगी अडत नाही. पण लक्षात ठेव, हा तक्ता प्रौढांसाठी आहे. मुलांना आणि गरोदर बायकांना तो लागू नाही.

झोप की गुंगी हे ओळखायची एक साधी रीत आहे. उठवायचं. झोपलेला माणूस उठवला की चिडतो, ‘कितें जालें?’ म्हणून विचारतो, तोंड फिरवून पुन्हा झोपतो. गुंगीतला माणूस डोळे उघडतो, तुझ्याकडे बघतो न बघतो आणि वाक्य अर्ध्यावर सोडून परत बुडतो. नाव विचार, आपण कुठे आहोत विचार, आज बाहेर पाऊस आहे का विचार. म्हाताऱ्यांचा भ्रम म्हटला की आपल्या डोळ्यापुढे सलाईन उपटणारा, आरडाओरडा करणारा माणूस येतो. पण गप्प पडून राहणारा भ्रमही तितकाच खरा असतो आणि तो जास्त वेळा निसटतो, कारण त्याचा कुणाला त्रास होत नाही. वॉर्डात जो त्रास देत नाही त्याच्याकडे रात्री आधी जा. गुंगी वाटली की बोटाची शुगर लगेच कर. मधुमेह नाही असं केसपेपरवर लिहिलेलं असलं तरी कर. एक थेंब रक्त आणि अर्धं मिनिट, त्यात जीव वाचतात.

तुझा प्रश्न आहे एवढी सगळी माणसं एका डोक्यात कशी ठेवायची. सगळी ठेवायची नाहीतच. प्रत्येक खाटेपाशी दोनच प्रश्न न्यायचे. हे शरीर बिघाड कसा लपवतं? आणि हा माणूस काल कसा होता? पहिल्याचं उत्तर पुस्तकात आहे, पण तिथे ते वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर घरच्यांकडे, मावशीकडे, आणि तुझ्या स्वतःच्या आठवणीत.

मुलाचं शरीर लपवतं ते ताकदीने. रक्तातलं पाणी कमी झालं तरी मूल रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवतं, धरून ठेवतं, आणि मग एकदम सोडतं. म्हणून मुलाचं बीपी पडलं की पुष्कळ उशीर झालेला असतो. त्याआधी नाडी धावते, हातपाय गार पडतात, बोटाने पाच सेकंद दाबून सोडलं तर त्या जागी रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. श्वास मोजायचा तो आईच्या मांडीवर, मूल शांत असताना, झबलं वर करून, पूर्ण मिनिट. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० पासून पुढे, एक वर्षापर्यंत ५० पासून, पाच वर्षांपर्यंत ४० पासून पुढे म्हणजे जोरात चाललेला श्वास. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल तर आकड्याची वाट बघू नकोस. रडून वॉर्ड डोक्यावर घेणारं मूल मला कमी घाबरवतं. सुई टोचली तरी हात ओढून न घेणारं मूल मला घाबरवतं. आणि आई ‘हा असा कधी करत नाही’ म्हणाली तर ती चूक ठरेपर्यंत बरोबर आहे असं धर.

मुलांच्या औषधाचं एक सांगून ठेवते, कारण ही चूक अगदी शिकलेल्या हातांकडून होते. पॅरासिटामॉलचं एक सिरप पाच मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरं पाच मिलीत २५०, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी किलोला १५ च्या हिशेबाने १५० मिलिग्रॅम लिहिलं तर २५० वालं सिरप तीन मिली, आणि थेंब फक्त दीड मिली. सिरप समजून तीन मिली थेंब गेले तर दुप्पट डोस झाला. म्हणून ‘किती मिली’ हे कधी पाठ करू नकोस. वजन किलोत काट्यावर घे, डोस मिलिग्रॅममध्ये विचार, मग बाटली वाच. आईला घरी पाठवतानाही तीच बाटली हातात देऊन तिच्याकडून माप भरून बघ.

बाळंतिणीचं सांगताना मला माझी एक रात्र सांगावीच लागेल. नोकरीचं तिसरं वर्ष, इस्पितळाचं नाव कशाला. पहिलटकरीण, बाळंतपण व्यवस्थित झालेलं. तासाभराने बघितलं तर बीपी ११०/७०, नाडी ११८. बीपी बरं आहे म्हणून मी पुढच्या खाटेकडे गेले. नाडीचं मी स्वतःला समजावलं, दमली असेल, घाबरली असेल. वॉर्डातली वयस्क आया मात्र तिच्यापाशी थांबली. तिने काही न बोलता पांघरूण वर केलं, तिला कुशीवर वळवलं आणि मला हाक मारली. रक्त खाली, पाठीमागे साचलेलं होतं. वरून चादर पांढरी स्वच्छ. मी पोटावर हात ठेवला तर गर्भाशय नारळासारखं घट्ट लागायला हवं ते कणकेच्या गोळ्यासारखं मऊ, आणि बाजूला सरकलेलं, कारण मूत्राशय तुडुंब होतं. लघवी काढली, पोटावरून गर्भाशय चोळलं, डॉक्टर धावत आले, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन चाललं, रक्त चढवलं. ती वाचली. त्या आयाने थर्मामीटरही कधी हातात धरला नव्हता, पण बाळंतिणीचं पांघरूण उचलल्याशिवाय पुढे जायचं नाही हे तिला माहीत होतं.

गरोदरपणात अंगातलं रक्तच वाढलेलं असतं, म्हणून पुष्कळ रक्त जाईपर्यंत बीपी टिकतं. आधी नाडी सांगते. बाळंतिणीची नाडी बीपीच्या वरच्या आकड्याला गाठू लागली की बीपी कितीही असो, फोन उचल. ५०० मिली रक्त गेलं की तो रक्तस्राव जास्तच, आणि डोळ्यांच्या अंदाजात तो नेहमी कमीच दिसतो. उलट बाजूने बीपी १४०/९० च्या वर, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, असं असेल तर झटका येण्याची भीती. हा झटका बाळंतपणानंतरही येतो, बाळ झालं म्हणजे सुटलो असं नाही. त्यासाठी मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, चालू असेल तर प्रत्येक डोसाआधी गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतोय का, श्वास १६ च्या खाली नाही ना, लघवी तासाला ३० मिली तरी होते ना, हे बघितल्याशिवाय औषधाला हात लावायचा नाही, आणि त्याचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, त्याच ट्रेमध्ये.

मधुमेही म्हाताऱ्यांचं लपवणं आणखी वेगळं. हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ आलीच पाहिजे असं नाही. आपल्याकडची म्हातारी बाई ‘म्हाका कशेंशेंच जाता’ एवढंच म्हणेल, घाम येईल, ओकारी होईल, दम लागेल. घरचे म्हणतील पित्त झालंय, सोडा द्या. तू ईसीजी काढून डॉक्टरांना दाखव. शुगर ७० च्या खाली आली, माणूस शुद्धीवर आहे आणि गिळतोय तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, शिरेतून ग्लुकोज लागेल. आणि ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेणारा असेल, त्यातून किडनी कमजोर, तर एकदा वर आलेली शुगर काही तासांनी पुन्हा पडते. सकाळपर्यंत मोजत राहा. जेवला नाही अशा माणसाला संध्याकाळची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन देण्याआधी थांबून डॉक्टरांना विचारणं, हे तर तुझ्या हातातच आहे.

दारू पिणाऱ्यांबद्दल आपण गोव्यात तरी मोकळेपणाने बोलायला हवं. ऑपरेशनच्या किंवा फ्रॅक्चरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चाळिशीतला माणूस थरथरतो, घामाने भिजतो, चादर खुडतो, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो, आणि वॉर्डात म्हणतात ‘दंगा करतो, बांधून ठेवा’. दारू एकदम बंद झाल्याने हे होतं. फिट्स बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत, आणि योग्य औषध मिळालं नाही तर यात माणूस दगावतो. दाखल करताना बायको-मुलांसमोर ‘पिता का?’ विचारलंस तर उत्तर ‘कधीतरी’ एवढंच येईल. एकट्याला गाठ आणि विचार, ‘शेवटचं कधी घेतलं? रोज किती लागते?’ उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत तर हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायचे, आवाजात जराही ठपका न आणता. उत्तर डॉक्टरांना त्याच संध्याकाळी सांग. अशा माणसाला ग्लुकोज चढवण्याआधी थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) ऑर्डर आहे का तेही विचार. पण दारूवर सगळं ढकलूही नकोस, ऑक्सिजन आणि शुगर आधी बघ, डोक्याला मार लागलाय का बघ.

पावसाळ्यातल्या तापाचं थोडक्यात. डेंग्यूत घात होतो तो बऱ्याचदा ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. घरचे खूश, ‘ताप गेला, सोडा आता’. आणि तेव्हाच रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपत असतं. पोटात जोराची दुखी, थांबत नाही अशी ओकारी, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा किंवा सुस्ती, आणि बीपीचे वरचा-खालचा आकडा एकमेकांजवळ सरकणं. १००/८२ हे बघून ‘शंभर आहे, बरं आहे’ म्हणू नकोस, मधलं अंतर अठराच उरलंय. शेतात चिखलात काम करणाऱ्याला ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या दाबवत नाहीत इतक्या दुखत असतील तर लेप्टोस्पायरोसिस मनात आण आणि लघवी मोजायला घे. आणि तू डिचोलीत आहेस, सत्तरी शेजारीच. तिथे २०१५ पासून माकडताप माहीत आहे. काजूच्या दिवसांत ताप घेऊन आलेल्याला ‘रानात गेला होता का, मेलेलं माकड दिसलं का?’ एवढं विचारायला काय लागतं?

वर्षानुवर्षांच्या बिडीने फुप्फुसं गेलेले म्हातारे असतील तर ऑक्सिजन शंभरावर नेऊ नकोस, त्यांना ८८ ते ९२ पुरतं. जास्त दिलास तर काहींना गुंगी चढते.

आता फोन. मला वाटतं तू त्या रात्री आणखी एका कारणाने थांबलीस, पत्रात ते लिहिलं नाहीस. डॉक्टरांना झोपेतून उठवायची भीती. ‘कशाला फोन केलास’ हे एकदा ऐकलं की पुढच्या दहा रात्री हात थरथरतो. म्हणून फोनवर काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घ्यायचं, आणि ‘आजींना बरं वाटत नाही’ असं सुरू करायचंच नाही. असं बोल: ‘सर, खाट सहाच्या आजींसाठी फोन केलाय, त्या बिघडताहेत असं मला वाटतं. ७८ वर्षं, खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस, एटेनोलॉल चालू. रोज बोलतात, आज गुंगीत आहेत, जेवल्या नाहीत. बीपी दाखल होताना १५८, आता ११०. श्वास पूर्ण मिनिट मोजला, २६. ऑक्सिजन ९७ वरून ९३. शुगर १३०. छातीत इन्फेक्शन असेल अशी मला शंका आहे. तुम्ही येऊन बघाल का? तोवर काय सुरू करू?’ चाळीस सेकंद लागतात. आधी काय झालं, मग पेशंट कोण, मग तुला काय दिसलं, मग तुला काय हवं. शेवटचा भाग आपल्या मुली गिळतात. ‘तुम्ही या’ हे म्हणायला शीक. नाही म्हणाले तर विचार, ‘किती झाल्यावर पुन्हा फोन करू?’ आणि मिळालेला आकडा, वेळेसकट, चार्टवर लिही. मग तेही विचार करून उत्तर देतात.

चुकीचा फोन झाला तर? झाला तर झाला. दहा फोनांतले सात नाहक ठरले तरी तुझं काही चुकलं नाही.

इन्चार्ज सिस्टरनी सांगितलेली दोनची नोंद मात्र घालू नकोस. न घेतलेलं बीपी लिहिणं म्हणजे खोटा कागद, आणि उद्या चौकशी झाली तर त्यावर सही तुझी असेल, त्यांची नव्हे. खरोखर काही केलं होतंस आणि लिहायचं राहिलं असेल, तर आजची तारीख, आजची वेळ घालून ‘उशिरा केलेली नोंद’ म्हणून लिही. पाच वाजेपर्यंत गेली नव्हतीस तर तसंच राहू दे. त्याऐवजी सिस्टरना सांग की चौदा खाटांना एक नर्स असताना दर चार तासांनी सगळ्यांचे आकडे घेणं कसं होत नाही, आणि कोणत्या तीन-चार खाटांचे दर तासाला घ्यायचे हे संध्याकाळीच ठरवून द्या. ही मागणी कागदावर दे. त्या रात्रीची सगळी चूक तुझ्या एकटीच्या खांद्यावर मी ठेवणार नाही.

कामाची सवय लावायची तर पुढच्या रात्रपाळीपासून एक कर. खाटेच्या पायथ्याशी अर्धं मिनिट नुसती उभी राहा. चार्ट नाही, यंत्र नाही. रंग, श्वास, हातांची हालचाल, डोळे. मनात म्हण, हा कालपेक्षा बरा की वाईट? मग आकडे घे आणि आपला अंदाज किती जुळला बघ. एक लहान वही ठेव, नावं नकोत, नुसती खाट आणि तुझा अंदाज. पेशंट बांबोळीला गेला तर चार दिवसांनी विचार, काय निघालं? पाळी बदलताना येणारी मुलगी आकडे वाचून दाखवेल, तिला विचार, ‘हा काल कसा होता?’ सहा महिन्यांनी वही उघडून बघ, तुला मला पत्र लिहायची गरज पडणार नाही.

काम सोडू का? नाही. माझं उत्तर एवढंच. आठवडाभर रात्रपाळी बदलून माग, झोप घे, घरी आईजवळ बोल. रात्री दचकून उठणं थांबलं नाही तर मात्र एकटी सोसू नकोस, डॉक्टरला दाखव.

आजींकडे जा. आधी इस्पितळात सांगून, आणि घरच्यांना फोन करून. मुलगा रागावलेला असेल तर ऐकून घे, सफाई देऊ नकोस. आजी बोलतील. चहा ठेवायला लावतील. जत्रेची गोष्ट अर्धी राहिली असेल.